दप्तरातील हिशेब : वासिल लेव्हस्कीचे जीवन



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी समितीने मला दिली, याबद्दल मी समितीचा मनःपूर्वक ऋणी आहे. व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा समितीच्या एका सदस्यांनी दूरध्वनीवर विचारले, ''बल्गेरियाचा क्रांतिकारक आणि हैदराबादची मराठी शाळा यांचा संबंध काय?'' प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द येथील प्रत्येक विद्यार्थ्याच्या खांद्यावर असतो : दप्तर.

मराठीत दप्तर म्हणजे मुलांची पुस्तकांची पिशवी, आणि दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रेही. पेशवे दप्तर आपण म्हणतो ते याच अर्थाने. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि तोच शब्द तुर्कांच्या मुखातून बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी पोचला. बल्गेरियन भाषेत तो 'तेफ्तेर' झाला. खिशात मावणाऱ्या छोट्या हिशेबवहीला ते 'तेफ्तेर्चे' म्हणतात. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्या वासिल लेव्हस्कीची अशी एक वही उपलब्ध आहे. एका साम्राज्याविरुद्ध उठाव रचणाऱ्या माणसाने तीत प्रवासाचे, जेवणाचे, कपड्यांचे खर्च टिपून ठेवले आहेत.

त्या वहीविषयी प्रथम वाचले तेव्हा मला गुरुजींची आठवण झाली. 1955 साली आम्ही सातवीत असताना गुरुजी आम्हाला बिदरचा किल्ला दाखवायला घेऊन गेले होते. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सहलीचा जमाखर्च वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. तीन आण्यांचा मेळ बसत नव्हता. आम्हा बारा-तेरा वर्षांच्या पोरांना त्याचे काय! पण गुरुजी म्हणाले, ''चूक माझी आहे. ती मी भरून देऊ शकतो, पण मग वही खोटी होईल.'' आणि त्यांनी आमच्यासमोर शेवटच्या ओळीत लिहिले : तीन आणे, मेळ नाही. लेव्हस्कीच्या जीवनाकडे मी त्या ओळीतून पाहतो. त्याच्या जमाखर्चातही एक रक्कम अशी आहे की जिचा मेळ बसत नाही, आणि ती झाकून त्याचे चरित्र सांगणे हा त्याचाच अपमान ठरेल.

बाल्कन पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी कार्लोव्हो नावाचे कारागिरांचे गाव आहे. तेथे 18 जुलै 1837 रोजी वासिल इव्हानोव्ह कुंचेव्हचा जन्म झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाचे राज्य उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेले होते, त्याला त्या वेळी साडेचार शतके होत आली होती. देशावर सुलतानाची सत्ता होती, चर्चवर कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मपीठाची. आपल्या भाषेतील शाळा आणि आपले धर्मपीठ मिळवण्यासाठी बल्गेरियन समाजाची धडपड चालू होती. 1835 साली गाब्रोव्हो येथे पहिली आधुनिक बल्गेरियन शाळा निघाली. पुढे गावोगावी शाळा आणि वाचनालये उभी राहिली, आणि 1870 साली सुलतानाच्या फर्मानाने स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठास मान्यता मिळाली. तलवार हाती येण्यापूर्वी तेथे पाटी आली होती, ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून आवर्जून सांगण्यासारखी आहे.

वासिलचे वडील लवकर वारले आणि घरात ओढाताण सुरू झाली. मामा मठवासी संन्यासी होता. त्याने भाच्याला हाताशी घेतले, स्तारा झागोरा येथे शिकायला ठेवले, पुढे रशियात उच्च शिक्षणासाठी पाठवण्याचे आश्वासनही दिले. ते आश्वासन पुरे झाले नाही. 1858 साली वासिलने सोपोत येथील मठात दीक्षा घेतली व इग्नाती हे नाव धारण केले. पुढच्या वर्षी तो डीकन, म्हणजे पूजाविधीत साहाय्य करणारा धर्मसेवक झाला. त्याचा गळा गोड होता. लोक पुढेही त्याला आयुष्यभर 'डीकन' म्हणूनच ओळखत राहिले.

1862 साली तो मठ सोडून बेलग्रेडला गेला. सर्बिया तेव्हा स्वायत्त असला तरी तेथे तुर्की शिबंदी होती. गेओर्गी राकोव्हस्की हे बल्गेरियन स्वातंत्र्याचे जुने पुरस्कर्ते तेथे स्वयंसेवकांचे पथक उभारीत होते. या पथकातील धाडसामुळे वासिलला लेव्हस्की, म्हणजे सिंहासारखा, हे नाव मिळाले. तुर्की शिबंदीशी झालेल्या चकमकीत हे पथक लढले. पण सर्बिया आणि तुर्कस्थान यांचा समेट होताच ते मोडण्यात आले. 1867-68 साली दुसऱ्या पथकाचीही हीच गत झाली. परक्या सरकारच्या अंगणात आपली फौज उभारली की त्या सरकारची गरज संपताच फौजही संपते, हा धडा त्याने दोनदा घेतला.

या दोन पथकांच्या दरम्यानची काही वर्षे आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. 1864 च्या ईस्टरला त्याने संन्याशाचे लांब केस कापले आणि वेष उतरवला. ते केस त्याच्या आईने जपून ठेवले. ते आज कार्लोव्होच्या स्मारकात आहेत. त्यानंतर तो खेड्यातला शिक्षक झाला. प्रथम कार्लोव्होजवळच्या व्होइन्यागोव्हो या गावी, नंतर डॅन्यूबच्या मुखाकडील दोब्रुजा प्रांतात. दिवसा मुलांना अक्षरे शिकवायची आणि संध्याकाळी त्यांच्या बापांशी बोलायचे, असा त्याचा क्रम असे. गावाचे मन कसे चालते, कोण बोलतो आणि कोण करतो, कोणाच्या पोटात गोष्ट राहते, हे शिक्षकाइतके कोणास कळते? पुढे त्याने जी संघटना बांधली तिचे मूळ मला त्या शाळांत दिसते.

त्या काळी बंडाची रीत ठरलेली होती. रुमानियात तुकडी जमवायची, डॅन्यूब ओलांडायची, बाल्कनच्या रानात शिरायचे आणि लोक आपोआप उठतील अशी आशा धरायची. 1867 साली पानायोत हितोव्हच्या अशाच तुकडीत लेव्हस्की निशाणबरदार होता. लोक उठले नाहीत. 1868 च्या उन्हाळ्यात हाजी दिमितर आणि स्तेफान कराजा सव्वाशेच्या आसपास माणसे घेऊन नदीपार गेले आणि काही आठवड्यांत ती तुकडी नष्ट झाली. या शूरांविषयी लेव्हस्कीला आदरच होता. परंतु ज्या गावाला आधी कोणी विचारलेच नाही, ते गाव एका सकाळी परक्या तुकडीच्या मागे का जाईल, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला. त्याने हितोव्हला पत्र लिहून आपला बेत कळवला. त्यात त्याने म्हटले होते की, यश आले तर ते साऱ्या जनतेचे, आणि अपयश आले तर मी फक्त स्वतःला गमावीन.

डिसेंबर 1868 मध्ये तो जहाजाने कॉन्स्टँटिनोपलला आणि तेथून बल्गेरियात गेला. 1869 साली त्याचा दुसरा दौरा झाला. कधी व्यापारी, कधी आणखी कोणी अशी सोंगे घेऊन तो गावोगाव फिरला. प्लेव्हेन, लोव्हेच, कार्लोव्हो, सोफिया अशा ठिकाणी त्याने गुप्त समित्या स्थापन केल्या. पत्रांवर तो निरनिराळ्या नावांनी सह्या करी. त्यांपैकी एक नाव होते अस्लान दर्विशओग्लू. अस्लान म्हणजे सिंह आणि दर्विश म्हणजे फकीर, हे हैदराबादच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. शत्रूच्या भाषेत आपले सारे चरित्र त्याने एका सहीत लिहून टाकले होते!

1869 च्या अखेरीस बुखारेस्टला लुबेन काराव्हेलॉव्ह या लेखक-संपादकाच्या पुढाकाराने क्रांतिकारी मध्यवर्ती समिती स्थापन झाली. लेव्हस्की तीत होता. मात्र चळवळीचे केंद्र देशाबाहेर असू नये, देशातील लोकांनीच निर्णय घ्यावेत, असा त्याचा आग्रह होता. त्याने लोव्हेच हे अंतर्गत संघटनेचे केंद्र केले. समित्यांना जोडणारी गुप्त टपालव्यवस्था उभारली. 1871 साली त्याने संघटनेच्या नियमांचा मसुदा तयार केला. निर्णय बहुमताने व्हावेत, जमाखर्च चोख असावा, आणि फितुराला देहान्त शासन व्हावे, असे त्यात होते. उद्दिष्टही त्यात स्पष्ट होते : जुलमी राजवट उलथून तिच्या जागी लोकशाही गणराज्य आणणे. युरोपातील बहुतेक देशांत अजून राजे सिंहासनावर होते, तेव्हा बाल्कनमधला एक माजी खेड्यातला शिक्षक हे लिहीत होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. बल्गेरिया हा एकजिनसी देश नव्हता. तेथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुसंख्य होते, पण तुर्क होते, यहुदी होते, इतरही होते. उद्याच्या राज्यात तुर्कांचे काय करायचे? लेव्हस्कीचे उत्तर निःसंदिग्ध होते. आमचे भांडण तुर्की लोकांशी नाही, त्यांच्या धर्माशी नाही. ते सुलतानाच्या सत्तेशी आणि त्याच्या कायद्यांशी आहे, असे त्याने लिहिले. काराव्हेलॉव्हच्या 'स्वोबोदा' या पत्राला 1871 साली धाडलेल्या लेखनात त्याने सांगितले की, नव्या बल्गेरियात तुर्क, यहुदी व बाकी सारे एकाच पवित्र कायद्याखाली राहतील. पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसलेल्या समाजात उद्याच्या विजयाआधीच आजच्या शत्रूचा हक्क लिहून ठेवणे किती अवघड आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आता ती न जुळणारी रक्कम. संघटनेला शस्त्रांसाठी पैसा हवा होता. वर्गणीने तो पुरेना. श्रीमंत बल्गेरियन व्यापारी हात आखडता घेत. तेव्हा त्यांच्याकडून धाक दाखवून पैसा काढावा असे ठरले. ऑगस्ट 1872 मध्ये लेव्हस्की लोव्हेचमधील एका धनिकाच्या घरात या कामासाठी शिरला. घरातल्या तरुण नोकराने त्याला पाहिले आणि आरडाओरडा केला. लेव्हस्कीने त्याच्यावर खंजीर चालवला. तो नोकर मरण पावला. तो बल्गेरियनच होता. साम्राज्याचा शिपाई नव्हता की सावकार नव्हता, पोटासाठी राबणारा होता. ज्यांच्यासाठी ही सारी खटपट चालली होती, त्यांपैकीच तो एक.

या घटनेवर पांघरूण घालणारी चरित्रे आहेत, आणि केवळ याच घटनेवरून त्याला खुनी ठरवणारे लोकही आहेत. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. जो माणूस स्वतःच्या जेवणाचा खर्च लिहून ठेवतो, त्याला या मृत्यूचे ओझे वाटले नसेल असे मला म्हणवत नाही. पण त्याच्या मनातले काही सांगण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणेन की गुरुजींच्या वहीप्रमाणे येथेही ओळ लिहावी लागते : मेळ नाही.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत चळवळीवर संकट कोसळले, आणि तेही पैशाच्याच वाटेने आले. दिमितर ओब्श्ती हा संघटनेतला धाडसी पण बेशिस्त कार्यकर्ता. 22 सप्टेंबर 1872 रोजी त्याच्या माणसांनी अराबाकोनाकच्या खिंडीत सरकारी टपालगाडीतला खजिना लुटला. रक्कम सव्वा लाख ग्रोश होती असे सांगतात. लेव्हस्कीचा या बेताला विरोध होता. धरपकड सुरू झाली. पकडला गेल्यावर ही साधी दरोडेखोरी नसून राजकीय कार्य आहे, असे दाखवण्याच्या भरात ओब्श्तीने संघटनेची माहिती उघड केली आणि एकामागून एक समित्या पोलिसांच्या हाती आल्या. बुखारेस्टहून काराव्हेलॉव्हचा आदेश आला की ताबडतोब उठाव करा. लेव्हस्कीने तो मानला नाही. तयारी नसताना लोकांना मरणाच्या दारी नेणे त्याला मान्य नव्हते.

तो लोव्हेचला गेला. कशासाठी? समितीची कागदपत्रे सुरक्षित हलवण्यासाठी. ते दप्तर पोलिसांच्या हाती पडले असते तर आणखी किती माणसे फासावर गेली असती कोण जाणे. लोव्हेचजवळच्या काक्रिना गावच्या धर्मशाळेत त्याने रात्र काढली. जुन्या पंचांगाप्रमाणे 27 डिसेंबर 1872, म्हणजे आपल्या पंचांगाने 8 जानेवारी 1873, या दिवशी पहाटे शिपायांनी तिला वेढा घातला. निसटण्याच्या झटापटीत तो जखमी होऊन पकडला गेला. क्रस्त्यो नावाच्या धर्मगुरूने दगा दिला असा संशय लोकमानसात खोल रुजला. इतिहासकारांचे मात्र त्यावर आजही एकमत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या पाडावाला एखादा खलनायक हवा असतो, तसा तो लोकांनी शोधला असेल, हेही शक्य आहे.

त्याला तर्नोव्होला आणि तेथून सोफियाला नेण्यात आले. खास नेमलेल्या मंडळापुढे चौकशी झाली. त्या मंडळात काही बल्गेरियन सदस्यही होते. सहकाऱ्यांना समोरासमोर उभे केले गेले. लेव्हस्कीने शक्य तितके स्वतःवर घेतले आणि दुसऱ्यांची नावे दिली नाहीत. शिक्षा ठोठावताना लोव्हेचच्या त्या नोकराच्या हत्येचाही आधार घेतला गेला. फेब्रुवारी 1873 मध्ये सोफियाच्या वेशीबाहेर त्याला फाशी देण्यात आली. वय होते 35. जुन्या पंचांगातली तारीख 6 फेब्रुवारी. नव्या पंचांगाने ती 18 येते, पण तारीख बदलताना बारा दिवसांऐवजी तेरा मिळवले गेले, म्हणून बल्गेरियात त्याची पुण्यतिथी 19 फेब्रुवारीला पाळतात. त्याची कबर कोठे आहे हे आजही निश्चित झालेले नाही.

पुढे काय झाले? त्याच्या समित्यांनी तयार केलेल्या भूमीवर 1876 च्या एप्रिलमध्ये उठाव झाला आणि तो अत्यंत क्रूरपणे चिरडला गेला. बाताकच्या कत्तलीने युरोप हादरला. त्याच वर्षी लेव्हस्कीचा मित्र, कवी ख्रिस्तो बोतेव्ह लढता लढता पडला. लेव्हस्कीच्या फाशीवरील त्याची कविता बल्गेरियन मुले शाळेत शिकतात. 1877-78 च्या रशिया-तुर्कस्थान युद्धानंतर बल्गेरिया मोकळा झाला, म्हणजे ज्या परक्या फौजेवर विसंबू नये असे लेव्हस्की सांगत होता, तिच्याच हातून. गादीवर जर्मन राजपुत्र आला. गणराज्य 1946 साली आले, पण तेही एकपक्षीय राजवटीच्या रूपाने. 1895 साली सोफियात त्याचे स्मारक उभे राहिले. 1914 साली स्थापन झालेला सोफियाचा फुटबॉल संघ त्याच्या नावाने खेळतो. 2007 साली एका दूरदर्शन कार्यक्रमात लोकांनी त्याला सर्वांत थोर बल्गेरियन म्हणून निवडले. नाव सर्वत्र आहे. हिशेबाचे काय?

1984-85 च्या हिवाळ्यात बल्गेरियाच्या तत्कालीन सरकारने तेथील तुर्की नागरिकांची नावे सक्तीने बदलली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मुसलमानी नावे पुसून बल्गेरियन नावे लिहिली गेली. 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्थानात गेले. याच सरकारच्या कचेऱ्यांत भिंतीवर लेव्हस्कीची तसबीर होती. त्या वर्षाच्या अखेरीस राजवट कोसळली, नावे परत घेण्याचा हक्क मिळाला, आणि 2012 साली बल्गेरियाच्या संसदेने त्या कृत्याचा ठराव करून निषेध केला. पुतळा उभारणाऱ्यांनी पुतळ्याच्याच वचनाची पायमल्ली करावी आणि शेवटी पुन्हा त्याच वचनाकडे परत यावे, असा हा प्रवास आहे. 1871 साली लिहिलेली ओळ एकशे एक्केचाळीस वर्षांनी अंशतः जमेस धरली गेली.

विद्यार्थिमित्रांनो, लेव्हस्कीच्या वहीच्या एका पानावर एक गूढ नोंद आहे. तेथे एकच शब्द आहे. त्याचा अर्थ 'हे लोकहो' असा होतो, आणि त्यापुढे काही प्रश्नचिन्हे आहेत. त्याला काय विचारायचे होते ते त्याने लिहिले नाही. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ तर्क केले आहेत. मला वाटते, हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कधीतरी असे विचारावेच लागते. मी माझी बाजू लिहिली. तुमची बाजू कोण लिहिणार?

गुरुजींची ती सहलीची वही आता कुठे आहे मला माहीत नाही. पण तीन आण्यांची ती ओळ आमच्या वर्गातला कोणीही विसरलेला नाही. आमच्यापैकी काहीजण पुढे बँकेत गेले, काही सरकारी नोकरीत, एकजण न्यायाधीश झाला. मागच्या स्नेहसंमेलनात भेटलो तेव्हा प्रत्येकाने आपापल्या आयुष्यात ती ओळ कधी आठवली ते सांगितले. कोणाचेही आयुष्य निष्कलंक नव्हते. आपली चूक लपवायची की लिहायची, एवढाच प्रश्न प्रत्येकापुढे कधी ना कधी आला होता.

आज घरी गेल्यावर आपापले दप्तर उघडा, वहीचे शेवटचे पान काढा, आणि आज कोणाचे काय देणे राहिले ते तेथे लिहा. गुरुजींना याहून वेगळी श्रद्धांजली आवडली नसती.